मानसिक आजाराच्या पेशंटचा फॉलोअप चुकू नये म्हणून घरच्यांनी काय करायचं (नाशिककडच्यांसाठी)

आमच्या दादाच्या पहिल्या डिस्चार्ज कार्डावर सगळ्यात खाली एक ओळ होती, रिव्ह्यू १० दिवसांनी. बस, एवढंच. ऑक्टोबर महिना, घर दिंडोरी तालुक्यात, द्राक्षाची छाटणी चालू, मजूर मिळेना, अण्णा म्हणाले पुढच्या आठवड्यात जाऊ, पुढच्या आठवड्यात मी सातपूरला सेकंड शिफ्टला, मग दिवाळी आली, आणि दादा तर एकदम छान, जेवतोय झोपतोय बागेत जातोय, मग कोणाच्या डोक्यात येणार की डॉक्टरकडे जायचं राहिलंय. गोळ्या कधी संपल्या ते पण कळलं नाही. डिसेंबरात एका रात्री दोन वाजता मोटर चालू करून बागेत मोठमोठ्याने गाणी म्हणायला लागला आणि सकाळी उधारीवर घेतलेलं ठिबकचं सव्वादोन लाखाचं सामान टेम्पोने दारात येऊन पडलं, तेव्हा कळलं. परत ॲडमिट.

चूक कोणाची यावर घरात बरेच दिवस भांडणं झाली. आई म्हणायची तू नाशकात असून तुला जमलं नाही, मी म्हणायचो घरात चार माणसं होती त्यांनी काय केलं. नंतर शांत डोक्याने विचार केला तेव्हा लक्षात आलं की "दहा दिवसांनी" ही मुळात तारीखच नव्हती. त्याला वार नव्हता, टाइम नव्हता, कोण नेणार ते ठरलेलं नव्हतं. लग्नपत्रिकेवर "दहा दिवसांनी लग्न आहे" छापलं तर कोण येईल सांगा.

त्याच्यानंतर सहा वर्षं झाली, दादाची तारीख दोनदाच चुकली. आम्ही काही हुशार नाही, मी फिटर आहे, वहिनी बारावी. पण काही गोष्टी लावून घेतल्या, त्या लिहून काढतोय, कारण ओपीडीच्या बाकावर बसून दुसऱ्या घरच्यांशी बोललं की सगळ्यांची स्टोरी तीच निघते.

डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका

त्या दिवशी सगळ्यांना घरी पळायचं असतं. बिल, गाडी, सामान, आणि पेशंट तर सकाळपासून चप्पल घालून बसलेला. पण पुढचे सहा महिने कसे जाणार ते बरंचसं त्याच अर्ध्या तासात ठरतं. ॲडमिट होऊन घरी आल्यावर पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात, आत्महत्येचा धोकासुद्धा याच काळात सगळ्यात जास्त असतो आणि त्यात पण पहिला आठवडा. अमेरिकेत तर हॉस्पिटल सोडल्यापासून ७ दिवसांत आणि ३० दिवसांत पेशंट परत दिसला का हे मोजतात, त्यावर विमा कंपन्यांचं काम तपासतात. आपल्याकडे तसं कोणी मोजत नाही, त्यामुळे ते घरच्यांनीच मोजायचं.

तर सिस्टरना किंवा डॉक्टरना म्हणायचं, मॅडम "दहा दिवसांनी" नको, तारीख आणि वार लिहून द्या, ओपीडीची वेळ लिहा, कोणत्या डॉक्टरांना भेटायचं ते लिहा. आणि अजून एक, तारखेच्या आधी काही बिघडलं तर कोणाला फोन करायचा तो नंबर. लाजायचं काही कारण नाही, हा आपला हक्कच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम ९८ मधे सरळ म्हटलंय की डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी पेशंटशी आणि तो ज्यांच्या घरी राहणार त्यांच्याशी बोलून पुढच्या उपचारांचा प्लॅन ठरवायचा. अर्थात वॉर्डात उभं राहून कलम ९८ म्हणून ओरडायला जाऊ नका, मी एकदा गेलो होतो, उपयोग शून्य, उलट आरएमओ (वॉर्डातले निवासी डॉक्टर) चिडले. नीट विचारलं की बहुतेक जण लिहून देतात.

कार्डावर गोळ्यांची नावं वाचता येतात का बघा, नसतील येत तर तिथेच कॅपिटलमधे लिहून घ्या. इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं कधी दिलं आणि पुढचं कधी, ही तारीख वेगळी असते, ओपीडीच्या तारखेशी ती जुळेलच असं नाही. सगळ्या कागदांचे फोटो काढून दोघांच्या फोनमधे ठेवा. एकाच्याच फोनमधे ठेवले आणि तो फोन पेशंटने रागात आपटला तर? हसू नका, आमच्याकडे झालंय.

आणि तारीख घेताना आपलं पंचांग डॉक्टरना सांगा, त्यांना कसं कळणार. ऑक्टोबर छाटणी, फेब्रुवारी-मार्चचं हार्वेस्टिंग, एप्रिलची खरड छाटणी, या दिवसांत द्राक्षवाल्या घरातून कोणी उठून नाशकात येत नाही. कांदावाल्यांचं वेगळं. आम्ही स्पष्ट सांगतो, साहेब १० तारखेला व्यापारी माल उतरवायला येणारे, ८ ची द्या नाहीतर १४ ची. देतात. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला गर्दी असते, त्र्यंबक रोड आदल्या दिवसापासून तुंबतो आणि सिव्हिल (जिल्हा रुग्णालय) त्र्यंबक रोडलाच आहे, त्यामुळे तो सोमवार टाळायचा. २०२७ ला सिंहस्थ आहे, पर्वणीच्या आसपासची तर एकही तारीख घेऊ नका आणि त्या वेळी गोळ्या जास्त दिवसांच्या लिहून मागा.

तारखेपेक्षा गोळ्या मोजा

सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे, बाकी काही नाही वाचलं तरी एवढं वाचा. फॉलोअप चुकतो तेव्हा नुकसान तारखेमुळे होत नाही, गोळ्या संपल्यामुळे होतं. तारीख ३० दिवसांनंतरची आणि गोळ्या मात्र २६ दिवसांच्या, असं सर्रास होतं, कारण एका गोळीची स्ट्रिप १० ची, दुसरीची १५ ची, मेडिकलवाला म्हणतो स्ट्रिप तोडत नाही, मग आपण काहीतरी कमीजास्त घेतो, एक गोळी सकाळ-संध्याकाळ असते, एक फक्त रात्री. ज्या दिवशी पहिली गोळी संपणार तो दिवस काढायचा. घरी आल्यावर स्ट्रिपा टेबलावर मांडून वहिनी हिशोब करते आणि कालनिर्णयवर त्या दिवसाला लाल गोल करते. ओपीडीची तारीख निळी. निळा गोल लालच्या कमीत कमी चार दिवस आधी आला पाहिजे. नसेल येत तर लगेच मेडिकलमधून तेवढ्या गोळ्या अजून आणायच्या, प्रिस्क्रिप्शन हातात आहे तोपर्यंत. चार दिवस का, तर संप, पाऊस, डॉक्टर रजेवर, मयत, काहीही निघतं. दिवाळीत आणि मे महिन्यात डॉक्टर पण माणसंच असतात, गावाला जातात.

या मोजण्याचा दुसरा फायदा म्हणजे पेशंट गोळ्या घेतो का नाही ते न भांडता कळतं. पंधरा दिवसांनी मोजल्यावर चार जास्त निघाल्या तर चार चुकल्या. "घेतली का, घेतली का" असं रोज पोलिसासारखं विचारायची गरज राहत नाही, दादाला त्या प्रश्नाचा जेवढा राग यायचा तेवढा गोळीचा पण नव्हता.

कागदावर नाव एकाच माणसाचं

सगळे बघतील म्हणजे कोणीच बघणार नाही. तारीख सांभाळणारा माणूस एकच ठेवा आणि तो नाही तर दुसरा कोण ते पण आत्ताच ठरवा. आमच्याकडे पहिली वहिनी, दुसरा मी. ज्याला पेशंट सगळ्यात कमी चिडून उत्तर देतो तो माणूस निवडा, ज्याला सगळ्यात जास्त काळजी आहे तो नाही. आईला सगळ्यात जास्त काळजी होती पण आईने विषय काढला की दादा ताटावरून उठायचा.

पेशंट बरा असताना त्यालाच विचारा की तुझ्यासाठी कोणी बोलायचं. त्याच कायद्यात कलम १४ आहे, पेशंट साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा देऊन आपला प्रतिनिधी नेमू शकतो. स्टॅम्प पेपर वगैरे लागत नाही. दादाने वहिनीचं नाव दिलंय आणि त्याची झेरॉक्स फाइलमधे असते. त्याचा खरा फायदा वेगळाच झाला, तो स्वतः म्हणतो की मीच नेमलंय तिला, त्यामुळे तिने आठवण केली तर कमीपणा वाटत नाही.

व्हॉट्सॲपवर आम्ही ग्रुप केला तिघांचा, नाव "बागेचं काम". आधी मी फॅमिली ग्रुपवर "उद्या दादाची सायकॅट्रीची अपॉइंटमेंट" असं टाकलं होतं, चुलत आत्याने सिन्नरवरून फोन करून अर्ध्या गावाला सांगितलं. आजाराचं नाव, रिपोर्ट, गोळ्यांचे फोटो मोठ्या ग्रुपवर टाकू नका. दादा तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता आणि त्याचं बरोबर होतं.

जायच्या आधीच्या आठवड्यात

लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) चालू असेल तर नीट वाचा. याची रक्तातली लेव्हल बघावी लागते, शिवाय किडनी आणि थायरॉइड पण ठराविक महिन्यांनी. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं, म्हणजे रात्री नऊला गोळी तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त देऊन झाल्यावर. आम्ही दोनदा गोळी देऊन नेलं आणि रिपोर्ट वाया गेला. रिपोर्ट तारखेच्या आधी हातात पाहिजे, नाहीतर डॉक्टर म्हणतात रिपोर्ट घेऊन या आणि अख्खी खेप फुकट, अजून एक खाडा. आणि लिथियमवाल्यांनी उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही, बिनापाण्याचे कडक उपास करायचे नाहीत, अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही, लेव्हल वाढते. श्रावण, नवरात्र किंवा रमजान येणार असेल तर आधीच्या फॉलोअपला डॉक्टरना विचारून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्या, महिना सुरू झाल्यावर नाही. लेव्हल वाढली तर हात जोरात थरथरतात, उलट्या जुलाब होतात, तोल जातो, बोलणं जड होतं, अशा वेळी तारखेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल.

क्लोझापिन (भास-संशयाच्या आजारावरची गोळी) असेल तर रक्ताची तपासणी अजून कडक, पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि पुढे महिन्याला, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. या पेशंटला ताप आला, घसा दुखला तरी लगेच फोन करायचा.

बाकी सगळ्यांनी एक अर्धं पान लिहून न्या. झोप किती, जेवण, कामाला जातो का, कुठल्या गोळ्या चुकल्या, वजन, नवीन काय दिसलं. डॉक्टरसमोर पाच मिनिटं मिळतात आणि पेशंट म्हणतो "मी मस्त आहे", झालं. वहिनी तो कागद आधी दादाला वाचून दाखवते. त्याच्या मागे जाऊन डॉक्टरच्या कानात सांगायचं नाही, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. त्याला पटत नसेल तर तो त्याच कागदावर खाली स्वतःचं लिहितो, एकदा त्याने लिहिलं होतं "ही घोरते म्हणून मला झोप येत नाही", डॉक्टर बराच वेळ हसत होते.

पैसे आणि गाडी

याच्यावर कोणी बोलत नाही पण अर्धे फॉलोअप इथेच बुडतात. प्रायव्हेट परवडत नसेल तर बंद करू नका, सरकारीत या. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून उपचार फुकट आहेत. सीबीएसला (मध्यवर्ती बसस्टँडला) उतरलं की सिव्हिल चालत जाण्यासारखं आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण अशा लांबच्या तालुक्यांनी आधी आपल्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम कोणत्या वारी तिथे येते ते, म्हणजे दर महिन्याला नाशिक गाठायला नको. गावातल्या आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) सांगून ठेवलं तर त्या पण आठवण करतात, पण आधी पेशंटला विचारून, नाहीतर वर सांगितलेला आत्याचा किस्सा.

एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट, म्हणून सोबत कोण जाणार हे ठरवताना तेवढा पण हिशोब करा. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात येतो, आजार जुना आणि जास्त असेल तर प्रमाणपत्र मिळू शकतं, त्यावर पण एसटीला सवलत आहे. काही घरं "दिव्यांग" शब्दाला घाबरतात. ज्याचं त्याने ठरवावं, आमच्या दादाला नको वाटलं, आम्ही नाही काढलं.

सकाळी लवकर निघा, नंबर लावायला एक जण पुढे आणि पेशंट मागून अशी सोय झाली तर उत्तम. दोन-तीन तास बाकावर बसवलं की धडधाकट माणूस पण वैतागतो. पाणी, बिस्किट, चार्जर. आणि ओपीडी झाली की आम्ही मिसळ खातो, हा नियमच आहे, काळ्या रश्श्याची, सोबत दोन पाव जास्त. ऐकायला येडेपणा वाटेल पण दादा तारखेला "मिसळचा दिवस" म्हणतो आणि दोन दिवस आधी स्वतः विचारतो की नक्की मंगळवारच ना.

"मला काही झालेलं नाही, मी येणार नाही"

हे येणारच. दोन प्रकारचे पेशंट असतात, एक ज्याला बरं वाटतंय म्हणून नको आणि एक ज्याला आजार आहे हेच पटत नाही. पहिल्याला सांगता येतं की गोळीमुळेच बरं आहे, बाग डाऊनीतून (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगातून) वाचली म्हणून फवारणी बंद करतो का आपण. दुसऱ्याशी वाद घालू नका, हरणार तुम्हीच. त्याला स्वतःला कशाचा त्रास होतोय ते शोधा. झोप येत नाही, हात थरथरतात, वजन वाढलंय, दिवसभर सुस्ती असते. चल, हे डॉक्टरना सांगू आणि गोळी कमी होते का विचारू, असं म्हटलं की बरेच जण येतात, आणि खरंच विचारा तिथे, नुसतं फसवायला म्हणू नका. बँकेत जायचंय सांगून दवाखान्यात नेणं, चहात गोळी घालणं, हे घराघरात चालतं मला माहितीये, आम्ही पण केलंय. एकदा कळलं की पुढचे सहा महिने तो तुमच्या हातचा चहा पण पीत नाही.

अगदीच नाही आला तर तारीख सोडू नका, घरचं कोणीतरी जाऊन डॉक्टरना खरं काय ते सांगा. पण नेहमी असं करू नका, काही घरांत दोन-दोन वर्षं पेशंटचं तोंड न बघता गोळ्या चालू आहेत, ते चुकीचं आहे. फोनवर किंवा व्हिडिओवर बघतात का विचारा, सरकारची ई-संजीवनी आहे ती फुकट आहे. आणि टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पेशंटसाठीच आहे असं नाही, घरच्यांनी "तो येत नाहीये, काय करू" म्हणून फोन केला तरी चालतो, मी रात्री साडेअकराला केलाय. पण पेशंट मरायच्या गोष्टी करत असेल, खाणंपिणं सोडलं असेल, स्वतःला किंवा कोणाला इजा करेल असं वाटत असेल तर फॉलोअपचा विषय संपला, सरळ १०८ बोलवा किंवा कॅज्युअल्टीला न्या, एकटं सोडू नका, आणि कीटकनाशकाची खोली आधी कुलूप लावून चावी शेजाऱ्याकडे द्या. शेतीवाल्या घरांनी तर हे आजच करा, कोणी आजारी असो नसो.

देवाधर्माचं पण सांगतो. त्र्यंबकला नारायण नागबळी करायला लांबून लोक येतात, त्यातले कितीतरी याच कारणासाठी. करायची तर करा, मी कोण नाही म्हणणारा, आमच्या आईने पण केली. पण ती तीन दिवसांची असते, गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, आणि ओपीडीची तारीख त्या तीन दिवसांत येत नाही ना बघा. भगताने गोळ्या बंद करा सांगितलं तर मात्र भगत बदला.

पोरींचा फॉलोअप लग्नात बुडतो

हे मी ओपीडीत बसून बघितलेलं आहे. मुलगी डिप्रेशनच्या किंवा बायपोलरच्या (मूड कधी एकदम चढतो, कधी एकदम पडतो तो आजार) गोळ्यांवर व्यवस्थित असते, स्थळ येतं, जमतं, आणि घरचे गुपचूप गोळ्या बंद करतात, सासरी फाइल कशी न्यायची म्हणून. चार-पाच महिन्यांत बिघडतं आणि मग "आमची फसवणूक केली" पासून सगळं सुरू. लग्न ठरवायच्या आधी एक फॉलोअप फक्त त्याच विषयाचा घ्या, मुलीला एकटीला डॉक्टरशी बोलू द्या. काय सांगायचं, कधी सांगायचं, गोळी कोणती ठेवायची हे तिथे बोलता येतं. काही गोळ्या, उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट, गरोदरपणात बाळाला घातक आहेत, त्या आधीच बदलाव्या लागतात, पण बदलायचं डॉक्टरने, आपण मनाने बंद करायचं नाही. बाळंतपणाला माहेरी आली तर तिकडचा डॉक्टर कोण, सासरचा कोण, दोघांकडे कागदांचा फोटो असू द्या. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे बायपोलर असलेल्या बाईसाठी फार जपायचे असतात, त्या वेळची तारीख डिलिव्हरीच्या आधीच घेऊन ठेवा. आणि फाइल तिच्या स्वतःच्या ताब्यात पाहिजे, सासूच्या कपाटात नाही.

चुकली तर?

चुकते. आमची दोनदा चुकली, एकदा अण्णांचं ऑपरेशन आणि एकदा निव्वळ आळस. लाजून अजून महिनाभर घरी बसू नका, बरेच जण "डॉक्टर ओरडतील" म्हणून जातच नाहीत. ओरडले तर ओरडले. दुसऱ्या दिवशी फोन करा, पहिली मिळेल ती तारीख घ्या, तोपर्यंत गोळ्या संपत असतील तर तेवढ्याच दिवसांचं लिहून मागा. राहिलेल्या गोळ्या एकदम डबल करून द्यायच्या नाहीत. काही गोळ्यांचं तर असं आहे की खंड पडला तर जुन्याच डोसवर परत चालू करता येत नाही, क्लोझापिन दोन दिवसांच्या वर चुकली किंवा लॅमोट्रिजिन (ही पण मूडची गोळी) पाच-सहा दिवस चुकली तर परत लहान डोसपासून चढवावं लागतं, म्हणून आधी विचारा मग द्या. इंजेक्शन चुकलं असेल तर प्रिस्क्रिप्शन घेऊन जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मिळतं का बघा, पण किती दिवस उशीर झालाय ते डॉक्टरना सांगून.

आता थोडं दवाखान्यात, काउंटरवर काम करणाऱ्यांसाठी, कोणी वाचत असेल तर. दोन नंबर घ्या, पेशंटचा आणि घरच्यांचा. आदल्या दिवशी एक फोन. आणि संध्याकाळी जाताना आज कोण आलं नाही त्याची यादी काढून त्यांना एक फोन, "काय झालं, बरं आहे ना, कधी येताय", ओरडायचं नाही. दुसऱ्या कोणी फोन उचलला तर आजाराचं नाव घ्यायचं नाही. डब्ल्यूएचओने पाच देशांत एक अभ्यास केला होता, आपल्याकडचं चेन्नई त्यात होतं, आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्यांना एक तासभर समजावून सांगितलं आणि पुढे १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढंच. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात १८ महिन्यांत २.२ टक्के लोकांनी आत्महत्या केली आणि ज्यांना हे फोन गेले त्यांच्यात ०.२ टक्के. एका फोनला दोन मिनिटं लागतात. आम्हाला सहा वर्षांत असा फोन एकदाच आला, एका सिस्टरचा, दादा अजून त्यांचं नाव घेतो.

फाइल आमच्याकडे खताच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत असते, दाराच्या मागे खिळ्याला, पावसात पण भिजत नाही. त्यात डिस्चार्ज कार्ड, सगळी जुनी प्रिस्क्रिप्शन तारखेने लावलेली, रक्ताचे रिपोर्ट, आधारची झेरॉक्स, दादाने सही केलेला तो कागद आणि एक पेन. पेन विसरू नका, ओपीडीत पेन कोणाकडेच नसतो.